आधी सूक्ष्मदर्शक की आधी डीएनए? रानअळंब्यांची ओळख पटवायला निघालेल्यांसाठी

मृगाचे चार दिवस बरसून गेले की माझ्या फोनवर अळंब्यांचे फोटो येऊ लागतात. कुणाला शेणखताच्या ढिगावर सापडलेली असते, कुणाला आंबोलीच्या वाटेवर कुजक्या ओंडक्यावर. प्रश्न ठरलेला: "सर, ही नवीन प्रजाती असेल का?" यंदा मात्र वेगळाच प्रश्न आला. तालुक्याच्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या विभागाला थोडे पैसे मिळालेत. तिच्याकडे गेल्या पावसाळ्यात वाळवून ठेवलेली अळंब्यांची चौदा पाकिटं आहेत. पैसे चांगल्या सूक्ष्मदर्शकावर घालावेत की पाकिटं सरळ डीएनए तपासणीला पाठवून द्यावीत, असं तिनं विचारलं.

फोनवर मी एका दमात "आधी सूक्ष्मदर्शक" म्हणून मोकळा झालो. मग लक्षात आलं, या उत्तराला अपवाद बरेच आहेत आणि ते सांगितल्याशिवाय उत्तर अर्धंच राहतं. म्हणून हे लिहितोय.

"नवीन" म्हणजे कुणाला नवीन?

सापडलेली अळंबी विज्ञानालाच अनोळखी असेल तर ती नवी प्रजाती. थायलंडात किंवा श्रीलंकेत ती आधीपासून माहीत आहे, आपल्याकडे कुणी नोंदवली नव्हती, तर ती नवी नोंद. वर्तमानपत्रं या दोन्हींना "नव्या प्रजातीचा शोध" म्हणतात, पण दोन्हींत सिद्ध करायची गोष्ट वेगळी असते. नव्या नोंदीत तुमचा नमुना एका छापील वर्णनाशी जुळतो, एवढं दाखवायचं. नव्या प्रजातीत तो आजवरच्या कुठल्याही वर्णनाशी जुळत नाही, हे दाखवायचं. यातला "कुठल्याही" हा शब्द भल्याभल्यांना घाम फोडतो. कारण अळंब्यांची वर्णनं दोनशेहून अधिक वर्षं लिहिली जात आहेत आणि त्यातला फार मोठा भाग टोपी, कल्ले (टोपीखालच्या पातळ पडद्या), देठ आणि बीजाणू (बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण) यांच्या भाषेत आहे. डीएनएची भाषा गेल्या तीसेक वर्षांतली.

काचपट्टीवर काय दिसतं

सूक्ष्मदर्शकाचं काम काचपट्टीच्या आधी, कागदावर सुरू होतं. ताजी टोपी देठापासून कापून, कल्ले खाली करून कागदावर ठेवायची, अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा. वर वाटी पालथी घालायची. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. फुकटचा हा ठसा किती बोलतो याचं उदाहरण म्हणजे क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. ही हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी छत्री. कोवळेपणी तिचे कल्लेही पांढरे असतात आणि लोक ती खायची अळंबी समजून घरी नेतात. ठसा मात्र हिरवट पडतो. वारुळावर येणारी आपली अळंबी, जिला गोव्यात ओळमी आणि विदर्भात सात्या म्हणतात, ती टर्मिटोमायसिस या जीनसची, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाची. तिचा ठसा गुलाबीसर. या दोघींची गल्लत करणाऱ्याची रात्र उलट्यांमध्ये जाते, आणि ती टाळायला एक कागद पुरला असता.

पुढचं काम शंभराच्या ऑब्जेक्टिव्हखाली, म्हणजे शंभर पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, तेलाचा थेंब घालून. ठशातले थोडे बीजाणू पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात घ्यायचे, लांबी-रुंदी मोजायची, निदान वीस-तीस बीजाणूंची. लांबीला रुंदीनं भागलं की जो आकडा येतो तो वर्णनांमध्ये "क्यू" म्हणून छापलेला असतो. बीजाणू गोल की लंबगोल, हे त्यावरून ठरतं. मोजायला आयपीसमधली (डोळ्याजवळच्या भिंगातली) पट्टी लागते आणि ती पट्टी स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे नेमक्या मापाच्या रेषा आखलेल्या काचपट्टीशी, ताडून घ्यावी लागते. हे दुसरं काम पुष्कळ कॉलेजांत होतच नाही. सूक्ष्मदर्शक भारी, पण त्यातला एक भाग म्हणजे किती मायक्रॉन हे कुणी ताडलेलं नाही. अशा ठिकाणचे आकडे मी वाचतो आणि सोडून देतो.

आकाराइतकंच रूप बोलतं. एन्टोलोमाचे बीजाणू कोनदार असतात, जणू कुणी पैलू पाडलेले. एकदा पाहिले की जीनस ओळखायला दुसरं काही लागत नाही. रसुलाच्या बीजाणूंवर काटे आणि जाळ्या असतात आणि आयोडीनच्या द्रावणात त्या निळ्याकाळ्या उठून दिसतात. ॲमानिटा हा जीनस तर आयोडीनचा एक थेंब दोन भागांत विभागतो: काहींचे बीजाणू निळसर होतात, काहींचे होत नाहीत. यासाठीचं खरं द्रावण मेल्झरचं. त्यात क्लोरल हायड्रेट लागतं आणि ते सहजासहजी मिळत नाही. पॅथॉलॉजीच्या सामानात मिळणाऱ्या ल्युगोलच्या आयोडीनवर बहुतेक वेळा काम भागतं. फक्त तसं लिहून ठेवायचं.

मग कल्ल्याच्या कडेचा पातळ काप काढायचा. ब्लेडनं, हातानं. इथं खरी परीक्षा होते. काप जाड झाला तर काळा ठोकळा दिसतो. जमला तर काँगो रेड या रंगात बीजाणू धरणाऱ्या गदेसारख्या पेशी दिसतात, आणि त्यांच्या अधूनमधून सिस्टिडिया, म्हणजे बीजाणू न धरणाऱ्या वेगळ्या आकाराच्या पेशी: बाटलीसारखे, भाल्यासारखे, कधी टोकावर स्फटिकांचा मुकुट घातलेले. अनेक जीनसमध्ये प्रजातींमधला फरक इथंच असतो. फोटोत तो कधीच येत नाही.

याची किंमत काय? पैशाच्या आधी वेळ. पहिला पावसाळा हात बसण्यात जातो. मी सुरुवातीला ठसा न घेता कल्ल्यावरूनच बीजाणू खरवडून मोजायचो. त्यात अर्धे कोवळे आणि लहान. एका अळंबीचं नाव त्यावरून मी छातीठोकपणे सांगितलं आणि दुसऱ्या वर्षी पिकलेल्या ठशानं मला खोटं पाडलं.

आणि सूक्ष्मदर्शकाची हद्दही सांगायला हवी. दोन प्रजाती बाहेरून आणि आतून सारख्याच दिसत असतील तर तो काही करू शकत नाही. लंडनच्या पेकहॅम भागातून विल्यम कर्टिस यांनी १७८१ साली गॅनोडर्मा ल्युसिडम या लाकडावरच्या चकचकीत बुरशीचं वर्णन केलं. पुढं आशियाभर तशी तांबूस, लाखेच्या रंगाची जी दिसेल तिला हेच नाव चिकटलं. चीनमध्ये औषधासाठी वाढवली जाणारी लिंगझी वेगळी प्रजाती आहे हे डीएनएच्या मदतीनं स्पष्ट झालं आणि २०१२ साली तिला गॅनोडर्मा लिंगझी असं नाव मिळालं. आपल्याकडच्या जुन्या याद्यांमध्ये जिथं जिथं "ल्युसिडम" लिहिलंय तिथं मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घालतो.

डीएनएच्या अहवालात काय येतं

वाळलेल्या अळंबीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. त्यातून डीएनए वेगळा काढतात, त्यातला एक ठरावीक भाग पीसीआरनं (त्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीनं) वाढवतात आणि त्याची अक्षरं वाचतात. बुरशींसाठी हा भाग म्हणजे आयटीएस, रायबोसोमच्या जनुकांमधली मोकळी जागा. २०१२ साली संशोधकांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटानं बुरशींचा मुख्य बारकोड म्हणून त्याची शिफारस केली. एकेका पेशीत या भागाच्या डझनांनी, कधी शेकड्यांनी प्रती असतात. म्हणून जुन्या, वाळक्या नमुन्यातूनही तो निघतो. हाती येतो साधारण ६०० ते ८०० अक्षरांचा मजकूर. तो जेनबँक किंवा युनाइट या सार्वजनिक साठ्यांशी ताडून पाहायचा. पाच मिनिटांत पडद्यावर नावं येतात, प्रत्येकापुढे किती टक्के जुळतं ते.

इथं नवशिक्याची फसगत होते. नाव पडद्यावर आलं म्हणजे ओळख पटली असं वाटतं. पण साठ्यात तो मजकूर कुणीतरी टाकलेला आहे आणि नावही त्यानंच दिलेलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अशा साठ्यांतल्या बुरशींच्या मजकुरांपैकी सुमारे २० टक्क्यांवरची प्रजातींची नावं चुकीची असण्याची शक्यता होती. तेव्हापासून साफसफाई झाली आहे, युनाइटमध्ये तर जाणकार हातानं नावं दुरुस्त करतात. तरी पहिल्या ओळीतलं नाव उचलून प्रबंधात चिकटवायची सवय काही जात नाही.

दुसरी फसगत ९७ टक्क्यांची. त्याच्या वर तीच प्रजाती, खाली वेगळी, असा एक ढोबळ अंदाज पूर्वापार चालत आला आहे. काही जीनसमध्ये दोन खऱ्या प्रजातींमधला फरक एका टक्क्याहून कमी असतो, काहींमध्ये एकाच प्रजातीत त्याहून जास्त. आर्मिलॅरियासारख्या गटात आयटीएसवर विसंबता येत नाही, टीईएफ-वन नावाचं वेगळं जनुक वाचावं लागतं. म्हणजे पुन्हा पैसे.

तिसरी फसगत सगळ्यात मोठी आहे आणि सह्याद्रीत काम करणाऱ्याला ती हमखास भेटते. पडद्यावर ९१ टक्क्यांपलीकडे काहीच जुळत नाही. मन उडी मारतं: नवी प्रजाती! थांबा. सह्याद्री आणि श्रीलंका यांच्या जंगलांचं नातं जवळचं. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतल्या पेरादेनिया उद्यानाचे थ्वेट्स तिकडची अळंबी वाळवून इंग्लंडला पाठवत आणि बर्कली आणि ब्रूम या इंग्रज अभ्यासकांनी १८७० च्या सुमारास त्यातल्या शेकडोंची वर्णनं छापली. ते नमुने लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. क्यूच्याच डेव्हिड पेग्लर यांनी त्यांचे बीजाणू पुन्हा तपासून १९८६ साली श्रीलंकेतल्या कल्लेवाल्या अळंब्यांवर ग्रंथ काढला. यातल्या पुष्कळ नावांमागे बीजाणूंची मापं आहेत, डीएनएचा मजकूर नाही. तेव्हा साठ्यात काही जुळलं नाही याचा अर्थ बहुधा एवढाच की त्या प्रजातीचा डीएनए अजून कुणी वाचलेला नाही. ती दीडशे वर्षांपूर्वीच नाव घेऊन बसलेली असू शकते, आणि ते कळायला तुम्हाला तुमच्या नमुन्याचे बीजाणू आणि सिस्टिडिया माहीत हवेत. मैत्रिणीला मी "आधी सूक्ष्मदर्शक" म्हटलं ते मुख्यतः या एका कारणासाठी.

बाकी अडचणी प्रयोगशाळेतल्या. अळंबीच्या पेशीत सहसा दोन केंद्रकं, दोघांतल्या आयटीएसच्या प्रती एखाद्या अक्षरानं मागे-पुढे असल्या की त्या अक्षरानंतर डीएनए वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखातले डोंगर एकमेकांत मिसळतात आणि पुढचा मजकूर वाचता येत नाही. दुसरी अडचण माझ्याच गबाळेपणाची. एक सुंदर निळसर अळंबी मी दोन दिवस डब्यात विसरलो, मग वाळवून पाठवली. अहवाल आला, ९९ टक्के जुळलेला, स्वच्छ: ट्रायकोडर्मा. अळंबीवर चढलेली हिरवी बुरशी त्यांनी इमानेइतबारे वाचली होती. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या बीजाणूंची ती गर्दी मला पाठवण्याआधीच दिसली असती.

आता डीएनएची खरी ताकद. २०१४ साली दोन संशोधकांनी लंडनमध्ये विकत घेतलेल्या सुक्या पोर्चिनीच्या एका पाकिटातले १५ तुकडे तपासले. पोर्चिनी म्हणजे बोलेटस, कल्ल्यांऐवजी खाली छिद्रं असणारी, युरोपात चवीनं खाल्ली जाणारी अळंबी. पाकीट चिनी मालाचं होतं. त्यात तीन प्रजाती निघाल्या आणि तिघींपैकी एकीलाही तोवर शास्त्रीय नाव नव्हतं. लोक त्यांचं सूप करून पीत होते! कापलेल्या, वाळलेल्या तुकड्यांवरून टोपीचा रंग, देठाची जाळी कुठून दिसणार? अशा ठिकाणी डीएनएला पर्याय नाही. कोवळ्या, अजून न उघडलेल्या कळ्या, लाकडातला नुसता पांढरा तंतू, बाजारात चिरून विकायला आलेली अळंबी, यांनाही हेच लागू.

दोन्ही एकत्र: मेघालयातला उजेड

रोरिडोमायसिस फायलोस्टॅकिडिस ही मेघालयातल्या मेलेल्या बांबूवर उगवणारी, रात्री उजळणारी अळंबी. २०२० साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. गंमत अशी की हिचा फक्त देठ उजळतो, टोपी नाही. स्थानिक लोकांना हा उजेड माहीत होता. असे बांबू ते रात्री वाट दिसावी म्हणून हातात धरत. संशोधकांनी देठावरचा बुळबुळीत थर, बीजाणू, सिस्टिडिया यांचं वर्णन दिलं, डीएनएचा मजकूर नातेवाईक प्रजातींच्या वंशवृक्षात बसवला, आणि दोन्ही गोष्टी एकच सांगत होत्या. नुसता वंशवृक्ष असता तर "फांदी वेगळी आहे" यापलीकडे जाता आलं नसतं. नुसतं वर्णन असतं तर जवळच्या नातलगांपासून ती खरंच निराळी आहे का, असा वाद राहिला असता.

नियमही तसाच आहे. बुरशीला नवं नाव द्यायचं तर जपून ठेवलेला प्रत्यक्ष नमुना लागतो आणि १ जानेवारी २०१३ पासून नावाचा नोंदणी क्रमांकही. नुसत्या डीएनएच्या मजकुरालाच नमुन्याचा दर्जा द्यावा, असा प्रस्ताव २०१८ साली पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या बुरशी परिषदेत आला होता. तो फेटाळला गेला. उलट, नाव वैध ठरायला डीएनए हवाच अशी सक्ती नाही. आजकालची चांगली नियतकालिकं मात्र डीएनएशिवाय नवी प्रजाती सहसा स्वीकारत नाहीत.

पैशाचं गणित, आणि एक तिसरा खर्च

सूक्ष्मदर्शकाला पैसे एकदा लागतात, डीएनएला दर नमुन्यामागे. एवढं म्हटलं की निम्मं गणित सुटतं. चौदा नमुने आज आहेत, पुढच्या पावसाळ्यात चाळीस होतील. सूक्ष्मदर्शक दहा-पंधरा वर्षं चालतो, विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या त्यावर शिकतात. डीएनएला पाठवलेल्या नमुन्यांपैकी काही फुकट जाणार हे धरून चालायचं. वेळेचंही तसंच: सूक्ष्मदर्शक त्याच संध्याकाळी उत्तर देतो, किंवा पुढचा प्रश्न तरी. अहवाल आठवड्यांनी येतो, तोवर ती अळंबी रानातून गेलेली असते.

पण दोन्हींच्या आधी एक तिसरा खर्च आहे आणि तो मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो: वाळवण्याची सोय. कोकणात जुलैत वीज जाते, हवेला पाणी सुटतं, अळंबीत अळ्या पडतात. चाळीसेक अंशांवर सतत हवा खेळवणारं छोटं ड्रायर यंत्र हवं. मी कित्येक वर्षं पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून भागवलं. घरच्यांनी नाकं मुरडली पण नमुने टिकले. ताज्या कल्ल्याचा एक स्वच्छ तुकडा वेगळा काढून सिलिका जेलमध्ये घालायचा, तो डीएनएसाठी. फॉर्मेलिनच्या बाटलीत नमुना बुडवायची कॉलेजातली जुनी सवय सोडायची, त्यात डीएनए खराब होतो. आणि वाळवण्याआधी रंग, वास, कापल्यावर बदलणारा रंग हे सगळं वहीत. वाळल्यावर सगळ्या अळंब्या तपकिरीच होतात.

मग कुणी काय घ्यावं

कॉलेजच्या विभागानं सूक्ष्मदर्शक घ्यावा, यात मला शंका नाही. शंभराचं ऑब्जेक्टिव्ह चांगलं असलेला, मोजपट्टीसकट. कॅमेरा नंतर आला तरी चालेल.

एकट्यानं रानं फिरणाऱ्या हौशी माणसाचं वेगळं. वर्षाला पाच-सहाच नमुने असतील आणि ब्लेडनं काप काढायचा उत्साह नसेल, तर सूक्ष्मदर्शक कपाटात धूळ खाईल. त्यानं ठसे, फोटो, नोंदी आणि वाळवण नीट करावं, जवळच्या कॉलेजातल्या कुणाशी जोडून घ्यावं आणि निवडक नमुने डीएनएला पाठवावेत.

पीएचडी करणाऱ्याला निवडीची मुभाच नाही, त्याला दोन्ही लागतात. त्यानं फक्त क्रम सांभाळावा. गॅनोडर्मा, बोलेटस, टर्मिटोमायसिस अशा गोंधळाच्या गटांवर काम असेल तर डीएनए लवकर करावा. एन्टोलोमा, रसुला, इनोसायबीत आधी काचपट्टीवर महिने घालवावेत.

अभयारण्यातून काही उचलायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचायचे. नमुन्याचा एक भाग मान्यताप्राप्त संग्रहात द्यावा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे.

ज्याला फक्त "खाऊ का?" एवढंच विचारायचंय त्याच्या कामाचं यातलं काहीच नाही. अहवाल येईपर्यंत भाजी नासेल, आणि कित्येक विषारी प्रजातींचं जवळच्या नातलगांसारखं दिसणं कल्ल्याचा काप घेऊनही नवशिक्याला उलगडत नाही. त्याला एकच उत्तर: ओळखीची नसेल तर ठेवून दे.

प्रयोगशाळेकडून दरपत्रक मागवाल तेव्हा चार गोष्टी विचारा. दरात डीएनए काढण्यापासून सगळं धरलंय की नुसतं वाचन? मजकूर दोन्ही बाजूंनी वाचणार का? पीसीआर फसला तर पैसे लागतात का? आणि आलेखाची मूळ फाइल देणार का? फक्त अक्षरांची फाइल देणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. डोंगर कुठं मिसळले ते पाहिल्याशिवाय त्या अक्षरांवर विश्वास कसा ठेवायचा?

मैत्रिणीच्या चौदा पाकिटांतली तीन मी डीएनएसाठी बाजूला काढायला सांगितली: लाखेच्या रंगाचा तो गॅनोडर्मा, वारुळावरची एक, आणि अर्धवट उमललेली एक कळी, जिच्यात बीजाणूच तयार झालेले नव्हते. उरलेल्या अकरांपैकी किती पाकिटांत ठसा आहे, असं विचारलं. दोन, ती म्हणाली. मग यंदाच्या पावसाची वाट बघ, म्हटलं, आणि कागद घेऊन जा.